निवाऱ्यातले मांजर आणि वजनाचा काटा

मराठी म्हणींत मांजराला मोठे स्थान आहे. ते डोळे मिटून दूध पिते, ते आडवे जाते, त्याच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची याची चर्चा चालते. परंतु त्याला काय आणि किती खायला घालावे याचा विचार आपल्या घरांतून फारसा झालेला नाही. बशीत दूधभात कालवून ठेवला की आपले काम झाले, उरलेली भूक ते उंदरांवर भागवील, अशी आपली जुनी समजूत. अंगणात येऊन-जाऊन असणाऱ्या मांजरापुरती ती चालूनही गेली. आता मात्र शहरांतून प्राण्यांच्या निवाऱ्यातून मांजर दत्तक आणणारी कुटुंबे दिसू लागली आहेत, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बंद सदनिकेत उंदीर कोठून येणार? तेथे मांजराच्या पोटात जाणारा प्रत्येक घास माणसाने दिलेला असतो.

निवाऱ्यांची कल्पना आपल्याकडे नवी नाही. भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमावरून १८३२ साली मुंबईत पारशी समाजाने दंगा केला आणि त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ उभा राहिला. लंडनचे बॅटर्सी येथील प्रसिद्ध आश्रयस्थान १८६० साली निघाले ते केवळ कुत्र्यांसाठी. मांजरांना तेथे दार उघडले ते १८८३ मध्ये. मांजराला आपली काळजी आपण घेता येते असे सर्वांनीच धरून चालण्याची रीत दिसते!

निवाऱ्यात येणारी मांजरे ढोबळपणे दोन वाटांनी येतात. एक रस्त्यावरची वाट. हे मांजर हाडांचा सापळा झालेले, पोटात जंत, अंगावर पिसवा, कधी दात किडलेले. दुसरी वाट घरातली. मालक वारला, म्हातारा झाला, परगावी गेला, की त्याचे लाडावलेले मांजर पिंजऱ्यात येऊन पडते. अमेरिकेत सांता फे येथील निवाऱ्यात २०१२ साली 'म्याव' नावाचा दोन वर्षांचा बोका आला. त्याची ८७ वर्षांची मालकीण त्याला सांभाळू शकत नव्हती. बोक्याचे वजन होते सुमारे १८ किलो! साधारण मांजर साडेतीन ते पाच किलोंचे असते हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. निवाऱ्याने त्याचा आहार बेताने कमी करायला घेतला, पण त्याच वर्षी मे महिन्यात फुप्फुसे निकामी होऊन तो मेला. त्याला कोणी छळले नव्हते. त्याला खाऊ घातले होते, एवढेच.

तेव्हा मांजर घरी आणल्यावर पहिला प्रश्न असा, की हे रोड आहे, लठ्ठ आहे की ठीक आहे? नुसत्या डोळ्यांनी हे समजत नाही, कारण केस फसवतात. पशुवैद्य नऊ अंकांची एक मोजणी वापरतात. तिच्यात पाच हा अंक उत्तम, एक म्हणजे सापळा आणि नऊ म्हणजे अतिलठ्ठ. घरच्या घरी तिची सोपी आवृत्ती करता येते. मांजराच्या बरगड्यांवरून हलकेच बोटे फिरवावीत. आपल्या पालथ्या हाताची हाडे चाचपताना जसे लागते तसे लागले तर वजन योग्य. वळलेल्या मुठीच्या उंचवट्यांसारखे लागले तर मांजर रोड. तळहातासारखे मऊ लागले, हाड हाती येईना, तर लठ्ठ. पोटाखाली लोंबणारी सैल कातडी मात्र चरबी समजू नये. सडपातळ मांजरालाही ती असते.

यापुढे खरा धोका सुरू होतो. लठ्ठ मांजर पाहिले की आपल्याला वाटते, दोन दिवस लंघन घडले तर बरेच होईल. माणसाला एकादशी सोसते, कुत्र्यालाही एखादा दिवस सोसतो. लठ्ठ मांजराला उपास सोसत नाही. मांजराचे शरीर मांसाहारावर घडलेले आहे. अन्न बंद झाले की अंगातली चरबी विरघळून रक्तातून यकृताकडे धावते. ती पुढे पाठवायला यकृताला जी प्रथिने लागतात ती तर उपासामुळे मिळत नाहीत. मग चरबी यकृतातच साचत जाते, यकृत काम करीनासे होते, कानांच्या आतली कातडी व हिरड्या पिवळसर दिसू लागतात. काही दिवसांच्या उपासात हे घडू शकते. वेळीच नळीने अन्न दिले तर बरीच मांजरे वाचतात, न दिले तर बहुधा मरतात.

निवाऱ्यातून आणलेल्या मांजराच्या बाबतीत हा धोका दुप्पट असतो, कारण जागा बदलली की ते आपण होऊनच उपाशी राहते. कपाटामागे दडून बसते आणि बशीकडे ढुंकूनही पाहत नाही. निवाऱ्यात सर्दी झालेली असेल तर आणखी पंचाईत, कारण मांजर वासावर जेवते आणि चोंदलेल्या नाकाला वास येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात लठ्ठ मांजरालाही वजन उतरवण्याच्या भानगडीत टाकू नये. निवाऱ्यात जे खात होते तेच अन्न विचारून आणावे, किंचित कोमट करून द्यावे, आणि दडायला पुठ्ठ्याचे एक खोके द्यावे. खोक्याची सूचना पोरकट वाटेल. पण नेदरलंड्समधील एका निवाऱ्यातला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात ज्या नव्या मांजरांना लपायला खोके मिळाले ती इतरांपेक्षा लवकर शांत झाली असे आढळले. पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही तर 'उद्या खाईल' म्हणत न बसता पशुवैद्याकडे जावे.

हाडकुळ्या मांजराची गोष्ट याच्या उलट, पण तितकीच जपून करण्याची. अनेक दिवस उपाशी असलेल्या जिवापुढे ताट भरून ठेवणे ही आपली संस्कृती आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बंदिवासातून सुटलेल्या उपासमारीच्या कैद्यांना असेच भरपेट जेवण मिळाले आणि त्यांतले कित्येक जेवणानंतर दगावले. कारण असे, की उपाशी शरीर चरबीवर चालत असते. त्यात अचानक भात-पोळीसारखे पिष्टमय अन्न गेले की इन्सुलिन उसळते आणि रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम हे क्षार भराभर पेशींत ओढले जातात. रक्तात त्यांची टंचाई झाली की तांबड्या पेशी फुटतात, हृदयाची लय बिघडते. मांजरातही हेच घडते. अगदी खंगलेल्या मांजराला पहिल्या दिवशी गरजेच्या पाव ते अर्ध्या भागाइतकेच, तेही मांसाचे अन्न, चार-सहा वेळा थोडे थोडे द्यावे, आणि पूर्ण प्रमाणावर येण्यास आठवडाभर घ्यावा. हे सारे पशुवैद्याच्या देखरेखीखाली. जंताचे औषधही त्यांच्याच सल्ल्याने द्यावे. शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे काही चिकटलेले दिसले तर तो पट्टकृमीचा तुकडा होय; तो पिसवांमार्फत येतो, म्हणून पिसवा राहिल्या तर औषध वाया. वयस्क मांजर भरपूर खाऊनही वाळत असेल तर थायरॉईड ग्रंथी, मूत्रपिंडे व साखर तपासून घ्यावी.

आता दूधभाताकडे येऊ. चार किलोंच्या घरगुती मांजराला दिवसाला सुमारे २०० ते २५० कॅलरी पुरतात. एका उंदरात अंदाजे ३० कॅलरी असतात, म्हणजे निसर्गात त्याचे जेवण सात-आठ लहान घासांत विभागलेले असते. याउलट वाटीभर म्हशीच्या दुधात दीडशेच्या आसपास कॅलरी निघतात. अर्ध्याहून अधिक दिवसाचा आहार एका वाटीत संपला! शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, त्यांना जुलाब होतात. दूधभातावर मांजर एकाच वेळी लठ्ठ आणि कुपोषित होऊ शकते, कारण त्यात टॉरिन जवळजवळ नसते. टॉरिन हे द्रव्य मांजराला मांसातूनच घ्यावे लागते. त्याच्या अभावी मांजर आंधळे होते हे १९७५ साली दाखवले गेले, आणि हृदय फुगून दुबळे होते हे १९८७ साली. घरात मांस-मासळी शिजत नसेल तर मांजरासाठी तयार मिळणारे संपूर्ण अन्न आणावे. तेही चालत नसेल तर मांजर आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; त्या घरात ससा सुखाने राहील. उपाहारगृहातल्या वड्याचे तुकडे टाकणाऱ्या आपल्या मित्रांनीही एक ध्यानात ठेवावे, की कांदा व लसूण मांजराच्या तांबड्या पेशी नष्ट करतात.

मांजर घरात रुळले, नियमाने खाऊ लागले, की लठ्ठपणाला हात घालावा. आठवड्याला वजनाचा शंभरावा भाग उतरला तरी पुष्कळ. सहा किलोंच्या बोक्याला साडेचारवर आणायचे तर आठवड्याला ६० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ सहा महिने. कोरडे अन्न वाटीने नव्हे, तोलून द्यावे. बशी कायम भरलेली ठेवू नये, चार वेळा द्यावे. निर्बीजीकरण झालेल्या मांजराची भूक वाढते आणि गरज घटते, म्हणून त्याचे माप आधीपेक्षा कमी धरावे. घरात आजी, मुले आणि शेजारच्या काकू यांपैकी प्रत्येकजण 'थोडेसेच' घालत असेल तर काटा हलणार नाही. दिवसाचे अन्न सकाळीच एका डब्यात काढून ठेवले की हा तंटा मिटतो. माणसाच्या वजनाच्या यंत्रावर ६० ग्रॅमचा फरक कळत नाही. ओळखीच्या वाण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि एक टोपली एवढ्यावर काम भागते, आणि आकडा वहीत लिहून ठेवावा.

सुधारणा काट्याआधी दुसरीकडेही दिसते. लठ्ठ मांजराची जीभ पाठीच्या शेवटापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे शेपटीच्या बुंध्याशी केसांच्या गाठी आणि कोंडा साचलेला असतो. दोन-तीन महिन्यांनी एखाद्या दुपारी ते मान वळवून नेमकी तीच जागा चाटताना दिसते.