बेट, शहर आणि प्रवासी



उन्हाळ कांद्याच्या ऐन हंगामात, दिवस बाजार समितीच्या आवारात घालवून आलेल्या श्रोत्यांपुढे जगातल्या सहलीच्या ठिकाणांवर बोलायचे, हे थोडे धाडसाचेच आहे. परंतु हा विषय लासलगावला परका आहे असे मला वाटत नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र ओलांडलेला नसेल; आपल्या कांद्याने मात्र तो कित्येकदा ओलांडला आहे. कोलंबो, सिंगापूर, दुबई, मॉरिशस अशी जी नावे प्रवासाच्या जाहिरातींत झळकतात, तेथल्या स्वयंपाकघरांत तो आपल्या आधी जाऊन बसलेला असतो. तेव्हा कांद्याच्या पाठोपाठ आपणही थोडे फिरून येऊ.

पहिला प्रश्न असा की, जगभरचे प्रवासी शहराकडे आणि बेटाकडेच इतके का ओढले जातात? शहराचे कारण उघड आहे. तेथे उतरायला जागा मिळते, खायला मिळते, आणि चार दिवसांत चारशे वर्षांचा इतिहास पायी फिरून पाहता येतो. बेटाची ओढ निराळी. बेटाला सीमा असते. सकाळी निघून संध्याकाळपर्यंत ते पाहून होते, आणि मध्ये पाणी असल्यामुळे आपण घरचा व्याप मागे टाकला असे मनाला वाटते. ज्या ठिकाणी शहर आणि बेट एकच असतात, तेथे तर प्रवाशांची रीघच लागते. व्हेनिस हे शंभरांहून अधिक लहान बेटांवर वसलेले शहर. सिंगापूर हे एक बेट, एक शहर आणि एक राष्ट्रही.

आणि आपली मुंबई? तीही बेटेच होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी ती सात बेटे. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर ती इंग्लंडच्या राजाला मिळाली, आणि १६६८ साली त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. पुढे बांध घालून, खाड्या बुजवून सातांचे एक झाले. १८६५ साली थळ घाटातून लोहमार्ग खुला झाला, आणि घाटावरचा माल आणि माणूस त्या बेटावर रोज उतरू लागला.

त्या मुंबईसमोरच, गेटवेपासून बोटीने तासाभराच्या वाटेवर, घारापुरी आहे. पोर्तुगिजांना तेथे दगडाचा एक प्रचंड हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. तो हत्ती आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या तेथल्या लेण्यात सुमारे अठरा फूट उंचीचे त्रिमुखी सदाशिवाचे शिल्प आहे. मधले मुख ध्यानस्थ, एका बाजूचे उग्र, दुसऱ्या बाजूचे कोमल. १९८७ साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारसा मानले. देशोदेशींचे पाहुणे तेव्हापासून नव्हे, त्याच्या कितीतरी आधीपासून तेथे येत आहेत.

आता याच बेटाची दुसरी बाजू पाहा. घारापुरी हे नुसते लेणे नव्हे, ते उरण तालुक्यातील एक गाव आहे. शेत बंदर, मोरा बंदर आणि राज बंदर या तीन वाड्यांत हजार-बाराशे माणसे राहतात. समोर मुंबईचे दिवे रात्रभर लखलखत असताना या वाड्यांना संध्याकाळचे जेमतेम तीन तास जनरेटरची वीज मिळे. समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटरची तार टाकून तेथे कायमची वीज पोचली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. म्हणजे स्वातंत्र्याला सत्तर वर्षे होऊन गेल्यावर! जगाने पाहिलेले गाव आपल्याच राज्यात इतकी वर्षे अंधारात होते, ही गोष्ट प्रवाशाने विचारात घ्यावी अशी आहे.

बेटाचे मर्म येथे आहे. मुख्य भूमीवर जे सहज मिळते, ते बेटावर आणावे लागते. त्यातही पहिली गरज गोड्या पाण्याची. शिवाजी महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधला. दूध बाव, दही बाव आणि साखर बाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आजही त्या किल्ल्यात दाखवतात. चहूंकडे खारे पाणी असताना किल्ला लढता राहतो तो अशा विहिरींच्या बळावर. सिंगापूरसारखे धनाढ्य शहरही १९६२ च्या कराराने शेजारच्या जोहोरमधून पाणी घेते. दुसरी गरज अन्नाची. मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटे आहेत. १९७२ साली तेथे पर्यटन सुरू झाले आणि आज तोच त्या देशाचा मुख्य धंदा आहे. पण पाहुण्याच्या ताटातले धान्य, भाजी आणि कांदा बहुतेक बाहेरूनच येतो. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात आपल्याकडे कांद्याची निर्यात बंद होती. तिची झळ आपल्याला लागली, ती मी येथे सांगायला नको. परंतु त्या काळातही मॉरिशस, बहारीन आणि श्रीलंका या बेटांवरच्या देशांसाठी टन मोजून कांदा सोडावा लागला, हेही लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट जागेची. पाहुणे वाढले की घरे पाहुण्यांना जातात आणि घरचे बाहेर पडतात. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख वस्ती होती; आज ती पन्नास हजारांच्याही खाली आली आहे. २०२४ साली त्या शहराने गर्दीच्या ठराविक दिवशी, केवळ दिवसापुरत्या येणाऱ्यांवर पाच युरोंचा प्रवेशकर बसवला. यात्रेकरूंवर कर बसवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. पण शहराला स्वतःच्या दारावर तिकीट लावावे लागणे, ही काही सुखाची गोष्ट नव्हे.

मग प्रवास करूच नये काय? तसे मुळीच नाही. मॉरिशसचे उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून कोकणातली माणसे तेथे उसाच्या मळ्यांत गेली. त्यांच्या वंशजांनी मराठी जपली, शाळांत ती शिकवली जाते, आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. किनारा पाहून परतणाऱ्याला हे मॉरिशस दिसतच नाही. जो घरात डोकावतो, त्यालाच ते दिसते.

तात्पर्य, ठिकाण पाहणे आणि गाव पाहणे यांत फरक आहे. दूरच्या बेटाचा बेत पैसे साठेपर्यंत राहू द्या. आधी गाडीने मुंबई गाठा आणि घारापुरीला जाऊन या. सोमवारी मात्र लेणी बंद असतात. पायऱ्या चढताना गावातल्या बाईच्या टोपलीतली चिंच-काकडी घ्या, आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणा, आणि लेणे पाहून झाल्यावर एखाद्या वाडीपर्यंत चालत जा. तेथून पलीकडे न्हावा-शेवा बंदराच्या याऱ्या दिसतील. त्यांच्याखालच्या एखाद्या कंटेनरमध्ये कदाचित आपल्याच शिवारातला कांदा परदेशी निघालेला असेल. तो जेथे जातो तेथे कुणाची तरी गरज भागवतो. आपणही पाहुणे म्हणून जेथे जाऊ, तेथल्या माणसांना आपले जाणे भार वाटू नये, एवढे सांभाळले तरी पुरे आहे.