पाकीट फुटण्याआधीचं पोस्टर

सिनेमाचं पोस्टर कसं असतं हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. हीरोचा चेहरा मोठा, व्हिलनचा जरा लहान, कोपऱ्यात हीरोइन आणि खाली तारीख. पण सिनेमाच्या पुरस्कार सोहळ्याचं पोस्टर? तिथे पहिला प्रश्नच हा, की छापायचं काय? पोस्टर लागतं कित्येक दिवस आधी आणि विजेता कळतो स्टेजवर पाकीट फोडल्यावर. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा थाट, त्याचाच पत्ता नाही! बरं, स्पर्धेतल्या एकाचा फोटो टाकावा, तर बाकीचे म्हणणार, "निकाल आधीच लागलाय वाटतं." मला हा विषय आवडतो तो यासाठीच. चित्रकलेपेक्षा हा आपल्या पेपरातल्या गणितासारखा आहे. अटी भरपूर, डेटा कमी.

ऑस्करवाल्यांचं यावरचं उत्तर म्हणजे पुतळा. पहिला ऑस्कर सोहळा १६ मे १९२९ रोजी झाला. एमजीएम स्टुडिओचे कलादिग्दर्शक सेड्रिक गिबन्स यांनी पुतळ्याचं रेखाटन केलं आणि जॉर्ज स्टॅन्ली यांनी तो घडवला. हातात तलवार घेतलेला एक योद्धा फिल्मच्या रिळावर उभा आहे. रिळाला ५ आरे आहेत, कारण अकादमीच्या मूळ शाखा ५ होत्या. उंची साडेतेरा इंच, वजन साडेआठ पौंड. आता डिझाइनच्या नजरेने बघा. आकृती उभी, समोरून जवळजवळ सिमेट्रिक, बारीक नक्षी नाही. नुसती काळी सावली छापली तरी माणूस ओळखतो. पोस्टरला यापेक्षा जास्त काय हवं?

पण तोच पुतळा दरवर्षी छापला तर लोक बघणार नाहीत. म्हणून दरवर्षी त्याच एका वस्तूकडे नव्याने पाहावं लागतं. 'व्हर्टिगो' (१९५८) च्या पोस्टरवरची भोवऱ्यासारखी वर्तुळं काढणारे सॉल बास यांनी १९९० च्या दशकात ऑस्करची पोस्टर्स केली. माझं आवडतं मात्र २०१३ चं, ८५ व्या सोहळ्याचं. ब्रिटिश कलाकार ऑली मॉस यांनी तोवरच्या प्रत्येक सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी एक छोटा पुतळा काढला आणि प्रत्येकाला त्या त्या सिनेमाचा वेश दिला. त्यात 'गांधी'ही आलाच. यंदा कोण जिंकणार याचा इशारासुद्धा नाही, तरी बघणारा एकेक पुतळा ओळखत पोस्टरसमोर उभा! अटही पाळली आणि मजाही आणली.

आपल्याकडे फिल्मफेअरची 'ब्लॅक लेडी' आहे. वॉल्टर लँगहॅमर यांच्या देखरेखीखाली शिल्पकार एन. जी. पानसरे यांनी ती घडवली आणि १९५४ मध्ये मुंबईच्या मेट्रो थिएटरमध्ये पहिले पुरस्कार दिले गेले. ही बाई काळसर, म्हणून तिच्या मागे उजेड दाखवावा लागतो. ऑस्कर सोनेरी, म्हणून तो काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो. कॉन्ट्रास्टचा साधा नियम.

आता सोन्याची गंमत. सोनेरी हा खरं तर निव्वळ रंग नाही. पिवळसर धातूवरून उजेड आरशासारखा परावर्तित होतो, आपण हललो की चमक सरकते, म्हणून डोळा त्याला सोनं म्हणतो. छपाईत चार शाया असतात : निळसर सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. त्यांच्या मिश्रणातून चमक येत नाही. सगळीकडे एकच पिवळा भरला, तर पुतळा हळदीचा दिसतो. मग डिझायनर डोळ्याला फसवतो. गडद तपकिरीला लागूनच एकदम फिकट पिवळा, मध्ये पांढरी रेघ, आणि कडा धारदार. खरी चमक हवी असेल तर धातूची बारीक पूड असलेली पाचवी शाई वापरतात, किंवा लग्नपत्रिकेवर असतो तसा सोनेरी वर्ख गरम ठशाने दाबून बसवतात. खर्च अर्थातच वाढतो.

याचा आपल्याला उपयोग काय? गॅदरिंगच्या शॉर्ट फिल्म स्पर्धेची पोस्टर्स आठवा. सगळ्या टीमचे फोटो, प्रमुख पाहुणे, प्रायोजक, कमिटीची पूर्ण यादी, आणि तारीख शोधायला भिंग! दूरच्या पाट्यांसाठी एक ठोकताळा आहे : दर १० फुटांना अक्षराची उंची निदान १ इंच. मेसच्या रांगेतून ३० फुटांवरचं पोस्टर वाचायचं असेल, तर तारीख ३ इंची हवी. हे गणित केलं की बाकीची गर्दी आपोआप कमी होते.

आणि एक पथ्य पाळायलाच हवं. कुठल्याही एका टीमची फ्रेम मोठी करून टाकू नका. रात्री जागून एडिटिंग केलेल्या बाकीच्या मुलांना स्पर्धा सरळ आहे असं वाटलं पाहिजे, आणि ते वाटायला सुरुवात पोस्टरपासून होते. एक ट्रॉफी, एक तारीख, एक जागा. बाकीचं पाकिटात राहू द्या.