गोष्टीतला कप्तान, खरा कप्तान

मागच्या बैठकीत हिशेब संपल्यावर एकीच्या मुलाच्या मोबाइलवर समुद्रातल्या लढाईचा सिनेमा लागला होता. "ताई, असं खरं कधी घडलं असेल का हो?" सगळ्यांनी विचारलं. घडलं होतं. तेच आज सांगते.

थॉमस कॉक्रेन १७७५ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला. घराणं मोठं, पण वडिलांनी नवनवे शोध लावण्याच्या नादात सगळी मालमत्ता घालवली. पोरगा आरमारात गेला. १८०० साली त्याला 'स्पीडी' नावाचं चिमुकलं जहाज मिळालं. खोलीचं छत इतकं बुटकं, की दाढी करताना हा उंच माणूस झरोक्यातून डोकं बाहेर काढायचा. तोफा चौदा, पण गोळा जेमतेम चार पौंडांचा. एका बाजूचे सगळे गोळे कोटाच्या खिशात घालून आपण डेकवर फिरलो, असं त्यानेच लिहून ठेवलंय.

६ मे १८०१. बार्सिलोनाजवळ 'गामो' हे स्पॅनिश जहाज समोर आलं. त्यावर ३२ तोफा, तीनशेच्या वर माणसं. कॉक्रेनकडे अवघी ५४. पळावं की नाही? त्याने आधी अमेरिकेचं निशाण लावून शत्रूला गोंधळात टाकलं आणि थेट गामोला चिकटला. मोठ्या जहाजाच्या तोफा उंचावर, त्यांचे गोळे स्पीडीच्या डोक्यावरून जायला लागले. मग सुकाणूपाशी एकट्या डॉक्टरला ठेवून बाकी सगळे गामोवर चढले, काहीजण तोंडाला काळं फासून. चकमक चालू असतानाच कॉक्रेनने एकाला स्पॅनिश निशाण उतरवायला पाठवलं. आपल्याच लोकांनी शरणागती पत्करली असं वाटून शत्रूने शस्त्रं टाकली! स्पीडीवरचे तिघे मेले. त्यांची नावं मात्र गोष्टीत कुणी घेत नाही.

पुढे त्याच्याच जहाजावर शिकलेला मॅरियट कादंबऱ्या लिहू लागला. नंतर फॉरेस्टरचा हॉर्नब्लोअर आणि ओब्रायनचा जॅक ऑब्री, दोघांतही कॉक्रेनची सावली आहे.

पण मला १८१४ सालची गोष्ट जास्त खटकते. नेपोलियन मेला अशी खोटी आवई उठली आणि लंडनच्या बाजारात कर्जरोख्यांचे भाव चढले. त्या दिवशी कॉक्रेनचे रोखे विकले गेले. भाव एक टक्का चढला की विका, असं आपण दलालाला आधीच सांगून ठेवलं होतं, असं तो म्हणाला. पण आवई उठवणारा त्याच दिवशी त्याच्या घरी आला होता, आणि सख्खा चुलता कटात होता. कैद झाली, हजार पौंड दंड झाला, आरमारातूनही नाव काढलं. तो दोषी होता का, यावर आजही वाद आहे. मला वाटतं, तो लढाईत डोळस होता, नात्यात आंधळा.

बायको कॅथरीन अनाथ होती. तिच्याशी चोरून लग्न केलं म्हणून श्रीमंत काकाने त्याला वारसा नाकारला होता. तीही त्याच्याबरोबर चिलीला गेली. तिथे, पेरूत, ब्राझीलमध्ये त्याने परक्या राजवटींविरुद्धची युद्धं लढली. १८३२ साली माफी मिळून तो पुन्हा इंग्लंडच्या आरमारात आला.

शिक्षा झाली तेव्हा वेस्टमिन्स्टर अॅबीतलं त्याचं मानाचं निशाण काढून पायऱ्यांवरून लाथेने ढकललं होतं. १८६० साली त्याला तिथेच पुरलं. आदल्या दिवशी ते निशाण परत जागेवर लावलं.