सावलीतली चूक

१९१६ साल. पहिले महायुद्ध पेटलेले होते. पोलंडचे गणिती वात्सवाफ सिएरपिन्स्की युद्धामुळे रशियात अडकून पडले होते आणि मॉस्कोत रशियन गणिती निकोलाय लुझिन यांच्याबरोबर काम करत होते. एके दिवशी लुझिन यांच्याकडे एक विद्यार्थी हस्तलिखित घेऊन आला, तेव्हा सिएरपिन्स्की तिथेच होते. मिखाइल सुस्लिन हा सारातोव प्रांतातल्या क्रासाव्का गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. आंरी लबेग यांच्या १९०५च्या निबंधात आपल्याला चूक सापडली आहे, असे तो सांगत होता.

लबेग म्हणजे क्षेत्रफळ मोजण्याची रीतच बदलून टाकणारे फ्रेंच गणिती. त्यांच्या चुका काढणाऱ्या पोराला एखाद्या प्राध्यापकाने वाटेला लावले असते. लुझिन यांनी त्याचे म्हणणे गांभीर्याने ऐकले, कागद तपासले. चूक खरी होती.

ती समजायला फारसे गणित लागत नाही. जमिनीवर एक उभी रेषा कल्पा. तिच्यावरचे एक मीटरहून उंच असलेले सगळे बिंदू हा पहिला संच. दोन मीटरच्या वरचे बिंदू हा दुसरा, तीनच्या वरचे तिसरा, आणि असेच अनंतापर्यंत. माथ्यावरच्या सूर्याने प्रत्येक संचाची सावली जमिनीवर एकाच बिंदूत पडते, म्हणजे तो बिंदू सगळ्या सावल्यांत सामाईक आहे. पण सगळ्या संचांत सामाईक असलेला बिंदू शोधू गेलात, तर एकही सापडत नाही, कारण कितीही उंचावरचा बिंदू घेतला तरी पुढचा कुठला तरी संच त्याच्याही वरून सुरू होतो. सावल्यांचा सामाईक भाग आणि सामाईक भागाची सावली एकच असते, असे लबेग यांनी गृहीत धरले होते. सुस्लिनने दाखवले, की रेषाखंडांपासून पायरी-पायरीने रचलेल्या, बोरेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संचाची सावली बोरेल संच असेलच असे नाही. त्यातून ‘विश्लेषी संच’ नावाचे नवे दालन उघडले. १९१७मध्ये पॅरिसच्या अकादमीच्या नियतकालिकात आलेला सुस्लिनचा निबंध त्याच्या हयातीतला एकमेव ठरला. १९१९मध्ये, चोविसाव्या वर्षी, टायफसने त्याचा बळी घेतला.

लुझिन स्वतः शाळेत गणितात कच्चे समजले जात. घोकंपट्टी त्यांना जमत नसे. वडिलांनी लावलेल्या शिकवणीच्या मास्तरांच्या लक्षात आले, की पाठ करायची उदाहरणे या मुलाला येत नाहीत, पण अवघड उदाहरणे तो आपल्या वाटेने सोडवतो. १८८३मध्ये सायबेरियात जन्मलेला हा मुलगा १९०१ साली मॉस्को विद्यापीठात दाखल झाला. तिथे त्यांना दिमित्री येगोरोव हे गुरू भेटले. १९०५च्या क्रांतीच्या धामधुमीत लुझिन मनाने खचले, तेव्हा येगोरोव यांनीच त्यांना पॅरिसला पाठवले. तिथल्या रस्त्यांवरचे दैन्य पाहून जगात एवढे दुःख असताना गणित कशाला करायचे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. वैद्यक शिकावे की धर्मशास्त्र, असेही मनात येऊन गेले. अखेर ते गणितातच राहिले.

१९१२च्या सुमारास त्यांनी मांडलेले प्रमेय आज आपल्याकडेही मापन सिद्धांत शिकणाऱ्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना येगोरोव यांच्या प्रमेयाशेजारीच भेटते. ० ते १ या अंतरालात परिमेय संख्येला १ आणि अपरिमेय संख्येला ० किंमत देणारे फलन घ्या. त्याचा आलेख जागोजागी उड्या मारतो, पेन न उचलता तो काढताच येत नाही. पण सगळ्या परिमेय संख्या इतक्या बारीक तुकड्यांनी झाकता येतात, की त्या तुकड्यांची एकूण लांबी एक सहस्रांशापेक्षाही कमी भरते. ते तुकडे वगळले, की उरलेल्या जागी फलनाची किंमत सगळीकडे ० आणि आलेख सपाट. लुझिन यांनी सिद्ध केले, की मापनाच्या कक्षेत येणारे कुठलेही फलन असे नगण्य लांबी वगळून वठणीवर आणता येते.

त्यांच्याभोवती जमलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतःला नाव घेतले ‘लुझितानिया’. अलेक्सांद्रोव, खिन्चिन, मेन्शोव, कोल्मोगोरोव आणि विद्यापीठात १९१७च्या क्रांतीनंतर आलेल्या पहिल्या मुलींपैकी नीना बारी, अशी ही मंडळी. त्यांना लुझिन यांनी न सुटलेले प्रश्न दिले.

त्यातला एक प्रश्न १९१५च्या त्यांच्या प्रबंधात होता. फलनाचे तुकडे साध्या लहरींमध्ये करायचे आणि त्या लहरी पुन्हा एकेक करून जोडत जायच्या, ही फूरिए श्रेणीची युक्ती. जोडत गेल्यावर मूळ फलन परत मिळतेच का? फलनाच्या वर्गाखालचे क्षेत्रफळ मर्यादित असेल, तर जवळजवळ प्रत्येक बिंदूवर मिळेल, अशी लुझिन यांची अटकळ होती. १९२२मध्ये एकोणीस वर्षांच्या कोल्मोगोरोवने वर्गाची ती अट न पाळणारे असे फलन रचले, की त्याची श्रेणी जवळजवळ कुठेच जुळून येत नाही. अट का हवी, ते त्यातून स्पष्ट झाले. अटकळ मात्र तशीच उभी राहिली.

मग १९३६ उजाडले. येगोरोव अटकेनंतर १९३१मध्ये कझानला वारले होते. जुलैत कम्युनिस्ट पक्षाच्या ‘प्रावदा’ या वृत्तपत्राने लुझिन यांना सोव्हिएत मुखवट्यातला शत्रू ठरवले. चांगले निबंध परदेशात छापतात, विद्यार्थ्यांचे शोध आपल्या नावावर खपवतात, असे आरोप झाले. सुस्लिनचे श्रेय लाटल्याचा आरोपही त्यात होता. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या चौकशी समितीपुढे त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्यांत अलेक्सांद्रोव, खिन्चिन, कोल्मोगोरोव हे लुझितानियातलेच लोक होते. भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र कापित्सा यांनी मात्र सोव्हिएत सरकारचे प्रमुख मोलोतोव यांना पत्र लिहून लुझिन यांची बाजू घेतली. लुझिन यांना अकादमीतून काढले गेले नाही, पण ठपका राहिला. सोव्हिएत गणित्यांनी त्यानंतर परदेशी नियतकालिकांत लिहिणे जवळपास थांबवले.

१९५०मध्ये मॉस्कोत लुझिन यांचे निधन झाले. १९६६मध्ये स्वीडनच्या लेनार्ट कार्लेसन यांनी ती जुनी अटकळ खरी असल्याचे सिद्ध केले. लुझिन यांच्यावर ठपका ठेवणारा १९३६चा ठराव रशियन विज्ञान अकादमीने मागे घेतला तो त्यानंतरही बऱ्याच वर्षांनी, जानेवारी २०१२मध्ये.