घरच्या पडद्यावरचे मत

भुसावळहून महामार्गाने नागपूरच्या दिशेला निघाले की सुमारे १५ किलोमीटरवर वरणगाव लागते. १९६४ मध्ये येथे आयुध निर्माणी सुरू झाली, तिच्या वसाहतीत देशाच्या निरनिराळ्या भागांतील कामगार-कुटुंबे राहायला आली, आणि तावडी बोलणाऱ्या या परिसरात हिंदी, तेलुगू, बंगाली अशा भाषाही रोजच्या झाल्या. अशा गावात, आणि एकूणच जळगाव-धुळे पट्ट्यातील निमशहरी घरांत, २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत चित्रपटाविषयीची मते मोठ्या प्रमाणावर चित्रपटगृहात न बनता घरातील दूरचित्रवाणी संचासमोर, चकतीवर चित्रपट पाहून बनत गेली. समीक्षेने या मतांची फारशी दखल घेतली नाही. घरी पाहून दिलेले मत म्हणजे उणे मत, असे गृहीत धरले गेले. ते उणे नव्हते, मात्र ते निराळ्या परिस्थितीत तयार झालेले असल्यामुळे त्याचे मोल ठरवताना ती परिस्थिती आधी समजून घ्यावी लागते.

बोलताना सरसकट सगळ्याच चकत्यांना ‘सीडी’ म्हटले जाई, तरी त्यांत दोन प्रकार होते. १९९३ मध्ये प्रमाणित झालेल्या व्हीसीडीवर जेमतेम ७४ मिनिटांचे चित्रण मावे, त्यामुळे एक हिंदी चित्रपट दोन किंवा तीन चकत्यांत विभागला जाई. तिचे चित्र ३५२ आडव्या आणि २८८ उभ्या बिंदूंचे असे. १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये प्रथम विक्रीस आलेल्या डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी माहिती बसत असल्याने संपूर्ण चित्रपट सहसा एकाच चकतीत सामावे आणि चित्रातील बिंदूंची संख्या सुमारे चौपट होई. चकत्या बनवणाऱ्या मोझर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्यावर चित्रपट भाड्याने आणण्याऐवजी विकत घेणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले.

या तांत्रिक तपशिलांचा मताशी थेट संबंध आहे. व्हीसीडीवर मध्यंतर दिग्दर्शकाने योजलेल्या जागी येत नसे, पहिली चकती जिथे भरली तिथे ते येई, आणि एखादा प्रसंग ऐन रंगात असताना कोणाला तरी उठून चकती बदलावी लागे. हातोहात फिरलेल्या चकतीवर ओरखडे असत. त्या जागी चित्र अडे, नायिकेच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे होत, संवादाचा एकच शब्द पुन्हा पुन्हा वाजे, मग चकती बाहेर काढून, तिच्यावर तोंडाची वाफ सोडून, सदऱ्याच्या टोकाने पुसून पुन्हा आत सरकवली जाई आणि तरीही न जमल्यास तेवढा भाग ओलांडून पुढे जावे लागे. अशा वेळी ‘मधेच कथा तुटते’ हा अभिप्राय चित्रपटाविषयी आहे की चकतीविषयी, हे ऐकणाऱ्याला समजत नसे. त्यातच भारनियमनाच्या काळात चित्रपटाचा शेवट दुसऱ्या दिवशी पाहण्याची वेळ अनेक घरांवर आली. चित्रपटगृहात लपवलेल्या कॅमेऱ्याने पडद्यावरूनच चोरून टिपलेल्या, म्हणजे ‘कॅमेरा प्रिंट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रतीची गोष्ट तर याहून वाईट होती. तीत पुढच्या प्रेक्षकांची डोकी दिसत आणि परक्यांचे हसणे ऐकू येई. अशी प्रत पाहून छायाचित्रणाविषयी काहीही म्हणणे हा त्या छायाचित्रकारावर अन्यायच होय.

कोणती प्रत पाहिली यावर मत किती अवलंबून असते, याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘शोले’ आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी, आणीबाणीच्या काळात प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात ठाकूर गब्बरला मारण्याच्या बेतात असताना पोलीस येऊन त्याला अडवतात, कारण सेन्सॉर मंडळाने मूळ शेवट मान्य केला नव्हता; पुढे घरगुती चित्रफितींवर आणि डीव्हीडीवर आलेल्या २०४ मिनिटांच्या आवृत्तीत मात्र ठाकूर आपल्या पायांनीच गब्बरचा अंत करतो. म्हणजे वडिलांनी चित्रपटगृहात पाहिलेला आणि मुलाने घरी पाहिलेला ‘शोले’ निरनिराळा होता, आणि ठाकूरच्या सुडाविषयी दोघांत वाद झाला असल्यास दोघांचेही म्हणणे आपापल्या प्रतीपुरते बरोबर होते. शिवाय ७० मिलिमीटरच्या रुंद पडद्यासाठी रचलेली दृश्ये चौकोनी संचावर दाखवताना एक तर वरखाली काळे पट्टे सोडावे लागत किंवा दोन्ही बाजूंचे चित्र कापावे लागे, आणि कापलेल्या चित्रात रामगढच्या खडकाळ माळाची विशालता उरत नसे.

असे असूनही घरच्या प्रेक्षकाच्या हाती एक साधन होते, जे चित्रपटगृहातील प्रेक्षकाला कधीच मिळाले नाही. तो चित्र थांबवू शके, मागे नेऊ शके, एकच प्रसंग हवा तितक्या वेळा पाहू शके. पुस्तकाच्या वाचकाला हे स्वातंत्र्य नेहमीच होते. चित्रपटाच्या प्रेक्षकाला ते चित्रफितीने दिले आणि चकतीने सोपे केले. जळगाव जिल्ह्यातील उन्हाळ्याच्या दुपारी, कूलरच्या वाऱ्यात बसून तोच चित्रपट तिसऱ्यांदा पाहणारी गृहिणी नायकाची आई कोणत्या प्रसंगात उगीच रडते, कोणते गाणे कथेत बसत नाही, हे कारणासहित सांगू शकत होती. आणि रात्रीच्या खेळाला एकटीने जाणे जिला कधी शक्य झाले नाही, तिच्या या मतामुळे चित्रपटाच्या चर्चेत एक नवा आवाज आला. हा लाभ वरच्या साऱ्या उणिवांहून मोठा मानला पाहिजे.

खान्देशच्या सीमेवर, नाशिक जिल्ह्यातील मालेगावात पुन्हा पुन्हा पाहण्याच्या या सवयीतून थेट निर्मितीच झाली. व्हिडिओ पार्लर, म्हणजे थोडक्या पैशांत दूरचित्रवाणी संचावर चित्रपट दाखवणारी छोटी खोली, चालवणारे शेख नासिर दोन व्हीसीआर जोडून संकलन करायला शिकले आणि यंत्रमाग कामगारांच्या या शहरात त्यांनी २००० मध्ये सुमारे ५० हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ तयार केला, ज्यात घोड्यांची जागा सायकलींनी घेतली. फैजा अहमद खान यांनी नासिर यांच्या नंतरच्या एका चित्रपटाच्या निर्मितीवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट बनवला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ प्रदर्शित झाला. मूळ कृतीची नक्कल इतक्या नेमकेपणाने करणे म्हणजे तिच्याविषयी दिलेले तपशीलवार मतच असते, आणि वारंवार पाहण्याची सोय नसती तर ते देता आले नसते. याच वातावरणात खान्देशी विनोदाच्या आणि अहिराणी गाण्यांच्या व्हीसीडी निघाल्या.

आता चकत्यांची दुकाने बहुतेक बंद झाली आहेत आणि त्या चालवणारी यंत्रेही घरांतून गेली आहेत. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशित पुस्तकाच्या प्रती देशातील ठरावीक ग्रंथालयांना द्याव्या लागतात, परंतु चकत्यांना तो कायदा लागू नव्हता, म्हणून स्थानिक चकत्यांच्या प्रती कोणाकडे आपोआप जमा झाल्या नाहीत. खान्देशातील सार्वजनिक वाचनालयांनी घरोघरी पडून असलेल्या अहिराणी आणि खान्देशी चकत्या मागवून घ्याव्यात, त्यांची संगणकावर नक्कल करावी आणि प्रत्येकीसोबत ती कोणत्या घरात, कोणाबरोबर, किती वेळा पाहिली गेली व पाहणाऱ्यांना काय वाटले, हे देणाऱ्याकडून लिहून घ्यावे; त्या प्रेक्षकांपैकी बहुतेक जण आज हे सांगू शकतील अशा वयाचे आहेत.