पाणलोटातील मोजमाप : शिकाऊ उमेदवाराची वही आणि गावाचा रब्बी हंगाम

पाणलोट विकासाचा विषय निघाला म्हणजे बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव आणि डोंगरउतारावरील वृक्षलागवड ही कामे डोळ्यांसमोर येतात. ही कामे दिसतात, त्यांवर श्रम आणि पैसा खर्च होतो, आणि म्हणून त्यांची वाच्यताही होते. परंतु या कामांच्या जोडीने आणखी एक काम चालावे लागते. ते म्हणजे मोजमापाचे. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मुरला किती आणि विहिरीत शिल्लक किती राहिला, हे ठाऊक असल्याखेरीज केलेल्या बांधाचा उपयोग झाला की नाही हे सांगता येत नाही आणि रब्बीत कोणते पीक किती घ्यावे हेही ठरविता येत नाही.

अलीकडे हे काम पुष्कळ ठिकाणी शिकाऊ उमेदवारांकडे येते. कृषी व कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अखेरच्या वर्षाचे विद्यार्थी कार्यानुभवासाठी गावी राहतात. काही पदवीधर पाणलोट प्रकल्पांवर काही महिन्यांची उमेदवारी करतात. हातात फीत आणि वही घेऊन शिवारातून हिंडणारी ही मुले-मुली नेमके काय करतात, असा प्रश्न अनेक शेतकरी बंधू विचारतात. त्याचे उत्तर देण्यासाठी हा लेख आहे.

या कामाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९३३ साली सोलापूर येथे कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले, आणि शेतातून वाहून जाणारे पाणी व त्यासोबत जाणारी माती यांची मोजणी तेथे होऊ लागली. पुढे १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. ही यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत घेते. उमेदवाराचे गावपातळीवरील काम हे या मोठ्या कामाचेच लहान रूप होय.

पावसाची नोंद

पर्जन्यमापक उघड्या जागी बसवावा. जवळचे झाड अथवा घर यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर मोकळे असावे. त्याचे तोंड जमिनीपासून ३० सेंटीमीटर उंचीवर व अगदी सपाट असावे. नोंद दररोज सकाळी साडेआठ वाजता घ्यावी. २.५ मिलिमीटर अथवा त्याहून अधिक पाऊस झालेला दिवस पावसाळी दिवस म्हणून धरतात.

येथे एक गोष्ट उमेदवारास पहिल्याच दिवशी सांगावी लागते. पाऊस झाला नाही त्या दिवशी रकान्यात शून्य लिहावयाचे असते. रकाना कोरा ठेवावयाचा नसतो. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. कोरा रकाना म्हणजे कोणी पाहिलेच नाही. वर्षाच्या अखेरीस बेरीज करताना हा भेद फार महत्त्वाचा ठरतो.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर १०,००० लिटर पाणी. मंडळाच्या ठिकाणच्या केंद्रावर पडलेला पाऊस आपल्या शिवारात तितकाच पडला असे समजण्याचे कारण नाही. टेकडीच्या एका अंगाला ओढे भरून वाहतात आणि दुसऱ्या अंगाला धूळ उडते, हा अनुभव कोणास नाही? म्हणून गावाचा स्वतःचा पर्जन्यमापक असणे अगत्याचे आहे.

ओढ्याचा प्रवाह व माती

लहान ओढ्यातील पाणी मोजण्यासाठी त्रिकोणी खाचेचा उपयोग करतात. पत्र्याच्या आडव्या फळीत काटकोनी खाच पाडलेली असते आणि तिच्यातून पाणी सांडते. खाचेच्या तळापासून पाण्याची उंची १० सेंटीमीटर असेल तर प्रवाह सेकंदास सुमारे साडेचार लिटर असतो. उंची २० सेंटीमीटर झाली तर प्रवाह दुप्पट होत नाही. तो सेकंदास सुमारे २५ लिटर, म्हणजे साडेपाच पटींहून अधिक होतो. यावरून पट्टीवरचा एक-एक सेंटीमीटर नीट वाचणे किती जरुरीचे आहे हे ध्यानात येईल. ही उंची खाचेच्या तोंडाशी न मोजता थोडी मागे, पाणी संथ असते तेथे मोजावी. कारण सांडताना पाण्याची पातळी खाली झुकते.

पुराच्या वेळी बाटलीत एक लिटर गढूळ पाणी घेऊन ते आटवावे आणि राहिलेली माती वजन करावी. लिटरमागे १० ग्रॅम माती निघाली तर त्या पाण्याच्या प्रत्येक १,००० घनमीटरांबरोबर १० टन माती शिवार सोडून गेली असा अर्थ होतो. बांध सुस्थितीत आहेत की फुटले आहेत हे या एका बाटलीवरून पुष्कळसे कळते.

विहिरीची पातळी

सर्वांत महत्त्वाचे व सर्वांत चुकण्याजोगे काम विहिरींचे. प्रथम विहिरींची निवड योग्य व्हावी. पाणलोटाचे वरचे अपधाव क्षेत्र, मधले पुनर्भरण क्षेत्र व खालचे साठवण क्षेत्र या तिन्ही भागांतील विहिरी घेतल्या पाहिजेत. नालाबांधाला लागून असलेल्या चार विहिरी निवडल्या तर आकडे सुंदर येतात. परंतु ते गावाचे नसतात, त्या चार विहिरींचे असतात.

दुसरे, मोजणी पंप चालू होण्यापूर्वी करावी. उपसा चालू असता विहिरीतील पातळी आजूबाजूच्या भूजलापेक्षा खाली गेलेली असते. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत येते. त्यामुळे सकाळी लवकर गेले म्हणजे पाणी स्थिर सापडेलच असे नाही. म्हणून मालकास पंप केव्हा बंद केला हे विचारून वेळ वहीत लिहावी. मोजणीच्या आदल्या रात्री पंप बंद ठेवण्याची विनंती केल्यास बहुतेक शेतकरी ती मान्य करतात असा माझा अनुभव आहे. मात्र त्याचे कारण त्यांना समजावून सांगितले पाहिजे.

तिसरे, मोजणीची खूण कायम असावी. कठड्यावर रंगाने खूण करावी, प्रत्येक वेळी फीत त्याच ठिकाणाहून सोडावी आणि कठड्याची उंची वजा करून पाण्याची खोली जमिनीपासून लिहावी.

एका मीटरची किंमत

हा काटेकोरपणा कशासाठी, असे एखाद्यास वाटेल. त्यासाठी आपण एक नमुन्याचा हिशेब करून पाहू.

राज्याच्या ८० टक्क्यांहून अधिक क्षेत्राखाली काळा पाषाण आहे. या खडकात पाणी साठते ते भेगांत, मुरमात व झिजलेल्या थरांत. ही जागा थोडी असते. सर्वसाधारणपणे खडकाच्या आकारमानाच्या १ ते ३ टक्के एवढेच पाणी त्यातून मिळू शकते. म्हणून आपल्या विहिरी पावसाळ्यात भराभर चढतात आणि उन्हाळ्यात तितक्याच वेगाने उतरतात. विहीर तुडुंब दिसली तरी तिच्या भोवतीच्या खडकात पाणी बेताचेच असते.

समजा, एका गावाचे ५०० हेक्टर क्षेत्र विहिरींच्या लाभाचे आहे आणि खडकाचे प्रमाण २ टक्के धरले आहे. मे महिन्याच्या पातळीच्या मानाने ऑक्टोबरात विहिरी सरासरी ६ मीटर चढल्या, तर ६ लाख घनमीटर पाणी साठले. त्यातील दहावा हिस्सा निसर्गतःच ओढ्यावाटे निघून जातो असे मानू. २,००० माणसे व १,००० जनावरे यांना नोव्हेंबर ते जून या आठ महिन्यांत, माणशी ५५ व जनावरामागे ५० लिटर रोज या हिशेबाने सुमारे ३९,००० घनमीटर लागतील. हे पाणी आधी बाजूला काढावयाचे. उरले सुमारे ५ लाख घनमीटर. गव्हास हेक्टरी ४,००० घनमीटर धरले तर त्यात १२५ हेक्टर गहू होईल. हरभऱ्यास २,००० धरले तर २५० हेक्टर हरभरा होईल.

आता पाऊस कमी होऊन विहिरी ४ मीटरच चढल्या असे समजू. त्याच हिशेबाने पिकांसाठी ३ लाख २१ हजार घनमीटर उरतात. म्हणजे ८० हेक्टर गहू, किंवा १६० हेक्टर हरभरा. दोन मीटरांच्या फरकाने ४५ हेक्टर गव्हाचे पाणी गेले.

यापुढची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. मे महिन्यात एका उमेदवाराने एक मीटर उंचीच्या कठड्यावरून फीत सोडली, आणि ऑक्टोबरात दुसऱ्याने जमिनीपासून मोजले, तर पाणी प्रत्यक्षात चढले त्यापेक्षा एक मीटर अधिक चढल्याचे वहीत दिसेल. सर्व विहिरींच्या बाबतीत असे घडले तर कागदावर ९०,००० घनमीटर पाणी वाढेल आणि त्या नसलेल्या पाण्याच्या भरवशावर २२ हेक्टर गहू पेरला जाईल. तो ओंबीवर येण्याच्या सुमारास विहिरी तळ गाठतील. बी, खत, मशागत आणि कर्ज यांचा भार मात्र शेतकऱ्यावरच राहील. उमेदवाराच्या हातातील फितीला शेतकऱ्याच्या संसाराचा आधार असतो तो असा.

एका गावच्या बैठकीत एका वृद्ध शेतकऱ्यांनी मला विचारले, “साहेब, पाणी मोजून वाढतं का?” मी म्हणालो, “वाढत नाही, बाबा. पण कणगीत दाणे किती उरले हे घरची लक्ष्मी पाहतेच ना? तसेच हे.” त्यांना ते पटले. त्या वर्षी विहिरी मागील वर्षापेक्षा कमी चढल्या होत्या. नालाबांध भरलेला पाहून अनेकांनी कांद्याचा बेत केला होता. आकडे फळ्यावर मांडल्यावर बराच खल झाला. काहींनी कांद्याचे क्षेत्र कमी करून हरभरा घेतला, काहींनी बेत बदलला नाही. मार्चमध्ये कोणाच्या शेतात पाणी पुरले, हे गावाने स्वतःच पाहिले. पुढल्या ऑक्टोबरात बैठक बोलवावी लागली नाही, लोक आपण होऊन आकडे विचारण्यास आले.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने २००४ पासून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकांचे नियोजन करण्याची पद्धत ठेवली, ती याच तत्त्वावर. २०२० पासून राबविण्यात आलेल्या अटल भूजल योजनेतही गावोगावी असे ताळेबंद करण्यात आले.

तलावाची पट्टी

पाझर तलावात अथवा नालाबांधात रंगविलेली मोजपट्टी उभी करावी व ओढा वाहावयाचा थांबल्यावर रोज पातळी पाहावी. उपसा नसताना पातळी दिवसास २० मिलिमीटर उतरली आणि हिवाळ्यातील बाष्पीभवन ५ मिलिमीटर धरले, तर १५ मिलिमीटर पाणी जमिनीत मुरले असे समजावे. दोन-तीन वर्षांनी हाच आकडा ५ वर आला तर तळाशी गाळ बसून पाझर मंदावला आहे हे उघड होते. तलाव भरलेला दिसतो, पण विहिरींना पाणी लागत नाही, अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. तिचे कारण या पट्टीवर वाचता येते, आणि गाळ केव्हा काढावा हेही कळते.

वही गावात राहावी

या सर्व कामात एक मोठी उणीव राहते. उमेदवार चार-सहा महिन्यांनी आपली वही घेऊन जातो, तिचा अहवाल होतो, आणि गावाकडे काहीच उरत नाही. पाण्याचे मोजमाप एका वर्षाचे असून भागत नाही. चांगल्या पावसाचे, मध्यम पावसाचे व दुष्काळाचे वर्ष वहीत आल्याखेरीज आपल्या शिवाराचा स्वभाव कळत नाही. यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. नोंदवहीच्या दोन प्रती ठेवाव्यात. एक ग्रामपंचायतीत राहावी.

२. वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक विहिरीची जागा, खोली, कठड्याची उंची व खुणेची जागा लिहावी.

३. उमेदवाराने गावातील निदान दोन तरुण-तरुणींस मोजणी शिकवावी व अखेरच्या महिन्यात ती त्यांच्याच हातून करवून घ्यावी.

४. आकडे दर ऑक्टोबरात ग्रामसभेपुढे, पेरणीपूर्वी, फळ्यावर मांडावेत.

५. शंकास्पद आकडा खोडून टाकू नये. तो तसाच ठेवून शेजारी शंकेचे कारण लिहावे.

शेतकरी बंधु-भगिनींनी या उमेदवारांस आपली विहीर मोजू द्यावी, एका रात्रीपुरता पंप बंद ठेवावा आणि विहिरीचा जुना इतिहास, म्हणजे कोणत्या साली ती आटली व कोणत्या साली बारमाही राहिली, तो मोकळेपणाने सांगावा. असे सांगणारे माणूस गावात आहे तोवर तो लिहून घेतला पाहिजे. येत्या ऑक्टोबरात आपल्या गावच्या विहिरींची पातळी घेतली जाईल तेव्हा आपण स्वतः कठड्यापाशी उभे राहावे, फितीवरचा आकडा आपल्या डोळ्यांनी वाचावा आणि मगच रब्बीचे बी घरी आणावे.