मनोरा, वाडी आणि सहावी पिढी

२०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा कोकणातील काही मुले पाठ ऐकण्यासाठी टेकडीवर जाऊन बसत, हे वाचकांना स्मरत असेल. हाती भ्रमणध्वनी होता. मनोरा मात्र डोंगरापलीकडे होता. दूरसंचाराच्या सहाव्या पिढीविषयी जे उत्साहाने बोलले जाते, त्यात ती टेकडी क्वचितच दिसते.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये या पिढीची चौकट मान्य केली. तिच्यात सहा प्रकारचे उपयोग कल्पिले आहेत. परतणाऱ्या लहरींवरून जाळ्याने भोवतालच्या वस्तूंची व माणसांची चाहूल घ्यावी, हा त्यांतलाच एक. (ही चाहूल कोणाच्या संमतीने घ्यायची, हा निराळ्या लेखाचा विषय आहे.) ‘सर्वदूर जोडणी’लाही त्यात स्थान आहे. परंतु चौकटीत नाव असणे वेगळे आणि कसोटीस उतरणे वेगळे.

पाचव्या पिढीच्या वेळी ग्रामीण भागासाठी जी कसोटी योजिली होती, तिच्यात दोन मनोऱ्यांतील अंतर १,७३२ मीटर धरले होते. इतके दाट मनोरे आपल्या खेड्यांत कोण उभारणार? भारतीय तज्ज्ञांनी आग्रह धरला आणि सहा किलोमीटर अंतराची कसोटीही २०१७ च्या निकषांत आली. तंतुवाहिनी ग्रामपंचायतीपर्यंत जाईल, मनोरा तेथे उभा राहील, भोवतालच्या वस्त्यांचा भार त्यानेच वाहायचा, असा हा हिशेब होता.

खरी अडचण उलट दिशेची असते. मनोरा मोठ्याने बोलू शकतो. हातातील यंत्राचा आवाज क्षीण. त्याचे आपणांस ऐकू येते, आपले त्याला ऐकू जात नाही. यंत्राचा आवाज दूरवर पोहोचविण्याची युक्ती हैदराबाद व मद्रास येथील आयआयटींच्या संशोधकांनी सुचविली. तिच्या आधारे ‘फाइव्हजी-आय’ हे भारतीय मानक तयार झाले आणि पुढे जागतिक मानकात विलीन झाले. स्वतंत्र मानकाचा हट्ट सुटला हे प्रस्तुत लेखकास योग्यच वाटते. आपल्यापुरती वेगळी यंत्रे महागच पडली असती.

आता २०२७ च्या जागतिक रेडिओ परिषदेपुढे ७,१२५ ते ८,४०० मेगाहर्ट्झ, तसेच १५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा विषय आहे. कंप्रता वाढली की पल्ला तोकडा होतो, भिंतीही आड येतात. शहरातील गर्दीला या लहरींनी दिलासा मिळेल. वाडीला तेवढ्याने काही मिळणार नाही. तिच्यासाठी ७०० मेगाहर्ट्झसारख्या दूर जाणाऱ्या लहरीच कामाच्या.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली पाचवी पिढी देशाच्या जवळजवळ सर्व जिल्ह्यांत पोहोचली, असे सरकार सांगते. ते खोटे नाही. पण जिल्हा म्हणजे तालुक्याची बाजारपेठ नव्हे. सहाव्या पिढीची मोजणी वाडीनिहाय व्हावी, आणि ती करताना वाडीतल्या यंत्राचा आवाज मनोऱ्यापर्यंत जातो की नाही, हे आधी पाहावे.